गॅसाची बाव

मी एकंदर अठरा महिने इंजिनियर होतो. त्याआधी नुसता मॅट्रिक होतो, आणि त्यानंतर आजतागायत मालवणच्या पोस्टात कारकून आहे. पण गावात माझी ओळख विचारली तर पोस्टाचं नाव कोणी काढत नाही. "तो गॅसाचो इंजिनेर मा?" असंच म्हणतात, आणि म्हणताना तोंडावरचं हसू आवरायचा प्रयत्न करतात. गेली पाच वर्षं मी ते हसू बघतो आहे. सुरुवातीला राग यायचा. आता येत नाही. त्या हसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या अठरा महिन्यांत आमच्या घरी चहा घेतलेला आहे, आणि त्या चहाची आठवण झाली की मला रागवायला तोंड उरत नाही.

सगळी सुरुवात आक्काच्या खोकल्यापासून झाली. दुर्गाआक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली, आणि पुढे आई-बाबाही गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. गावच्या शाळेतल्या तीन मास्तरांची जेवणं घरात करून तिने मला मॅट्रिकपर्यंत नेलं. आमचं स्वयंपाकघर म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या चार भिंती, एक दार आणि वर कौलं. खिडकी नव्हती. आमच्या पणजोबांचा असा समज होता की खिडकी ही चोराच्या सोयीसाठी असते. घरात चोरण्यासारखं काही नव्हतं, पण धूर मात्र पणजोबांच्या कृपेने एक कणही बाहेर जात नसे.

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर खोकला इतका वाढला की मी तिला एसटीने मालवणला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, डोळ्यांच्या पापण्या उलट्या करून बघितल्या, आणि मला विचारलं, "स्वयंपाकघराला खिडकी आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग पाडा. औषध देतो, पण ते मागाहून. आधी खिडकी."

खरं सांगतो, माझी निराशा झाली. सात मैल बसने येऊन, आक्काला रांगेत दोन तास बसवून, शेवटी हाती काय लागलं तर खिडकी. डॉक्टरने निदान एखादं इंग्रजी नाव तरी सांगायला हवं होतं. आक्का मात्र बसमध्ये म्हणाली, "बरो माणूस. धोंडूक सांगूया. एक चिरो काढलो की झाला." धोंडू म्हणजे आमच्या वाडीतला चिरेखाणीवरचा गवंडी. मी हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी धोंडूकडे जायला निघालोही होतो. वाटेत भाई भेटले.

भाई म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर. गावात वर्तमानपत्र त्यांच्याकडेच यायचं आणि ते वाचून झाल्यावर जगात काय करायला हवं हे ते आम्हाला सांगायचे. त्या दिवशी त्यांच्या हातात एक कात्रण होतं. शेणापासून गॅस काढायचं यंत्र निघालं आहे. मुंबईकडची एक संस्था मॅट्रिक पास तरुणांना तीन आठवड्यांचं शिक्षण देते. परतल्यावर जो तो आपापल्या तालुक्यात यंत्रं बसवील आणि सरकार त्याला मदत करील.

"खिडकी कसली पाडतस रे जयरामा," भाई म्हणाले. "खिडकीन धुवर भायर जातलो. ह्या यंत्रान धुवर होवचोच नाय. तू शिकलेलो मनीस. खिडकी धोंडू पण पाडता."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनाला लागलं. धोंडू जे करू शकतो ते करण्यासाठी आक्काने मला मॅट्रिक केलं नव्हतं. मी तसाच मागे फिरलो.

बासष्टच्या फेब्रुवारीत मी इंजिनियर होऊन परत आलो. म्हणजे सर्टिफिकेटवर ‘पर्यवेक्षक’ असं लिहिलं होतं, पण भाईंनी ते वाचून दाखवताना ‘इंजिनियर’ असंच वाचलं आणि मी त्यांना अडवलं नाही. आक्काला वाचता येत नव्हतं. तिने ते सर्टिफिकेट काच लावून गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलं, आणि रोज गणपतीला वाहिलेल्या फुलांतलं एक फूल तिकडेही ठेवू लागली. मी शुद्ध मराठी बोलू लागलो. "आक्का, येत्या पावसाळ्याआधी तू चुलीपुढून उठलेली असशील," असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "उठान जातलंय खंय?"

पहिलं काम मी हाताशी घेतलं ते भोकाचं. यंत्र स्वयंपाकघराच्या मागच्या परसात बसायचं, तिथून नळी भिंतीतून आत यायची, म्हणून धोंडूकडून मागच्या भिंतीत चुलीच्या वर हातभर उंचीला दोन इंचांचं भोक पाडून घेतलं. धोंडू छिन्नी थांबवून म्हणाला, "सगळोच चिरो काढू काय? खिडकी जातली."

"गॅस येणार आहे," मी म्हणालो. "आता खिडकीचं काय काम?"

धोंडूने खांदे उडवले आणि तो चहाला बसला.

त्या भोकाने मात्र कमाल केली. चुलीचा धूर दोरीसारखा वळून त्यातून बाहेर पडायला लागला. सगळा नव्हे, पण बराचसा. आणि बाहेरून वाऱ्याची एक बारीक सळी आत यायची. आक्का भाकरी भाजता भाजता मध्येच उठून त्या भोकाशी तोंड नेऊन उभी राहायची, दोन-चार श्वास घ्यायची आणि पुन्हा बसायची. "तुझ्या ह्या बुराकातसून बरो वारो येता हा," ती मला म्हणाली. मी हसलो. माझ्या विद्येचा एवढाच भाग तिला कळला, असं मला वाटलं.

मग खड्ड्याची वेळ आली, आणि भाईंनी दातांखाली जीभ चावली. देवाला न विचारता मी भिंतीला भोक पाडलं होतं. आमच्याकडे घर बांधणं राहू दे, गुरांचा गोठा हलवायचा तरी रवळनाथाचा कौल घेतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबू गुरवाने गाऱ्हाणं घातलं. सगळी वाडी हात जोडून उभी होती.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, हो जयराम तुझो लेकरू. शिकान सवारान इंजिनेर झालो. आता तो शेणातसून आग काढूक बघता."

"होय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"तेच्या खड्ड्याक, तेच्या नळयेक, तेच्या सर्टिफिकिटाक कोणाची वाकडी नजर लागली आसात तर ती दूर कर."

"होय म्हाराजा."

"आणि तेच्या भयणीचो खोकलो उतरव."

"होय म्हाराजा," या खेपेला वाडी जरा मोठ्याने म्हणाली. मी मुंबईकडे शास्त्र शिकून आलेला माणूस, पण त्या खेपेला मीही वाडीबरोबर "होय म्हाराजा" म्हणून गेलो.

डावी कळी पडली. घरामागची जागा देवाला पसंत नव्हती. मग एकेक जागा विचारत गेलो, तेव्हा साठ हात दूर, फणसाच्या पलीकडच्या कोपऱ्याला उजवी पडली. म्हणजे नळी चौपट लांब. मी कपाळाला हात लावला. गुरव, दोन मानकरी आणि भाई आमच्याकडे चहाला आले, आणि देवाच्या म्हणण्याचा अर्थ काय यावर जेवणवेळेपर्यंत चर्चा चालली. मग अर्थातच जेवूनच गेले.

मे महिन्यात धोंडू आणि त्याचे दोन भाऊ खणायला लागले. सकाळी पेज, दुपारी जेवण, चार वाजता चहा. चार फुटांवर जांभा लागला, तो त्यांनी फोडला. खड्डा बारा फूट हवा होता. नवव्या फुटावर धोंडू खालून ओरडला. मला वाटलं साप निघाला. पाणी लागलं होतं. मे महिन्यात, जेव्हा वाडीतल्या दोन्ही बावी, म्हणजे विहिरी, तळाला जातात आणि बायका अर्धा मैल लांबून हंडे वाहतात, तेव्हा माझ्या गॅसच्या खड्ड्यात शहाळ्यासारखं गोड पाणी भरायला लागलं.

इंजिनियरच्या दृष्टीने ही भयंकर आपत्ती होती. वाडीच्या दृष्टीने मात्र माझ्या शिक्षणाचं सार्थक झालं. संध्याकाळपर्यंत नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं गेलं. मी एकदा दबल्या आवाजात म्हणून बघितलं की आतून सिमेंट केलं तर पाणी अडवता येईल आणि मग शेण घालता येईल.

"पाण्यात शेण घालतलस?" शेजारची काशीबाई कंबरेवर कळशी घेऊन उभी होती. "तुझी ती आक्का उन्हातान्हात पाणी व्हावन मेली, ता बघलंस नाय? आता दारात बाव इली तर तेच्यात शेण?"

आक्का तिच्या मागेच उभी होती आणि ओंजळीने पाणी पीत होती. सिमेंटचा विषय मी तिथेच सोडला. त्या दिवसापासून वाडीतल्या बायका पाण्याला आमच्याकडे यायला लागल्या. येणाऱ्या बाईला आक्का रिकामी कशी पाठवणार? आमची चूल तेव्हा दिवसभर विझत नसे. घराला नाव मिळालं की असंच असतं, असं मी मानत होतो.

पावसाळा तसाच गेला. सरकारी मदतीच्या अर्जाचं काम मी त्या काळात केलं. पंचायत समिती नुकतीच सुरू झाली होती, तिच्या पाटीचा रंगसुद्धा ओला होता, आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे माझ्याइतकेच नवीन होते. माझा अर्ज एकदा परत आला, कारण खड्ड्याला पाणी लागल्याचं मी प्रामाणिकपणे कळवलं होतं. त्यांचं म्हणणं, ही विहीर कोणत्या योजनेखाली खणली? विहिरींचा विभाग वेगळा. मी लिहिलं, ती विहीर नाही, तो फसलेला खड्डा आहे. त्यांनी विचारलं, फसलेल्या खड्ड्यातून गाव पाणी पितं हे खरं आहे काय? आमचा पत्रव्यवहार दसऱ्यापर्यंत चालला. शेवटी त्यांनी कळवलं की विस्तार अधिकारी स्वतः पाहणीला येतील, अर्जदाराने आपली पाच गुरं हजर ठेवावीत.

इथे पुन्हा गाडी अडली. यंत्राला पाच गुरांचं शेण लागतं आणि आमच्याकडे होती एक गाय. अर्जात मी पाच लिहिली होती, कारण भाईंनी लिहायला सांगितलं होतं. त्यांचा हिशेब असा की शेण वाडीचंच येणार, मग गुरंही एका अर्थी आमचीच.

पाहणीच्या दिवशी काशीबाईच्या दोन गाई, गुरवाची एक आणि भाईंची म्हैस आमच्या खळ्यात आणून बांधली. साहेब आले, त्यांनी खड्ड्याची म्हणजे बावीची पाहणी केली, तिचं पाणी पिऊन बघितलं आणि जेवायला बसले. आक्काने बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी केली होती. आत खोकला ऐकू यायचा, मग भांड्याचा आवाज व्हायचा, मग ताटात वाढायला ती हसतमुखाने बाहेर यायची. साहेबांनी तीनदा भात घेतला.

हात धुऊन आम्ही खळ्यात आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ही गुरांची घरी पाणी प्यायची वेळ, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी साहेबांना गुरांची नावं सांगत होतो, तेवढ्यात पलीकडून सवयीने काशीबाईची हाक आली, "कपिले." मी जिला ‘गंगा’ म्हणून दाखवत होतो त्या गाईने मान उचलली, खुंट्यासकट दोर उपटला आणि ती घरी निघाली. दुसरी तिच्यामागे. गुरवाची गाय हंबरली आणि देवळाकडे वळली. उसन्या गुरांत भाईंची म्हैस तेवढी उरली. तिने मोठ्या विचाराने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच काढता पाय घेणाऱ्या भाईंच्या मागोमाग चालू लागली.

साहेबांनी म्हैस दिसेनाशी होईपर्यंत बघून घेतलं. मग म्हणाले, "जयरामपंत, आपली गुरं फार समाजवादी दिसतात." धरणीने मला पोटात घ्यावं असं झालं. पण त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि रकान्यात पाच लिहिले. "बांगडे झकास होते," ते म्हणाले. "आपल्या भगिनींना सांगा." माझा अर्ज मंजूर झाला तो माझ्या सर्टिफिकेटवर नव्हे, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण यश ते यश, म्हणून मी तपशिलात शिरलो नाही.

दुसऱ्या खड्ड्यासाठी पुन्हा कौल घेतला. या वेळी देवाने घरामागची पहिलीच जागा उजव्या कळीने दिली. मी बाबू गुरवाला जरा तापूनच विचारलं, की हीच जागा होती तर आधी नको का म्हटलं?

"तेव्हा देवाक पाणी दाखवूचा होता," बाबू शांतपणे म्हणाला, आणि चहाची बशी तोंडाला लावली.

पुन्हा धोंडू, पुन्हा त्याचे भाऊ, पुन्हा पेज, जेवण आणि चहा. कोल्हापूरहून लोखंडी टाकी आली. ती ट्रकने कुडाळपर्यंत आणि तिथून बैलगाडीने. तिला बघायला चार गावचे लोक आले आणि बसले. खाऱ्या हवेने ती आठवड्यात तांबूस व्हायला लागली, म्हणून तिला रंग द्यायला आणखी दोघे आले आणि तेही बसले. त्या हिवाळ्यात आक्काचा आवाज बसला होता. ती खुणेनेच विचारायची, किती कप. मी बोटं दाखवायचो. आता मला माझी ती वर केलेली बोटं स्वप्नात दिसतात.

त्रेसष्टच्या एप्रिलमध्ये टाकी वर उचलली गेली. आत गॅस धरला होता. मी स्वतः नळी भिंतीतल्या त्या भोकातून आत घेतली, आणि भोवतालची फट सिमेंटने अशी बुजवली की मुंगी जाणार नाही. वर्षभर उघडं राहिलेलं भोक, पण काम इतकं सफाईदार झालं की धोंडूनेसुद्धा हात फिरवून बघितला. मला फार अभिमान वाटला.

शेगडी पेटवायला भाई, बाबू गुरव, काशीबाई, धोंडू, पाहणीचे साहेब, सगळे त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभे होते. आक्काला मी पाटावर बसवलं. नवं लुगडं नेसली होती. मी काडी ओढली. फुस्स झालं आणि बर्नरवर निळी ज्योत फिरली. दिवसाची वेळ, त्यामुळे ती नीट दिसतही नव्हती. आक्काच्या डोळ्यांना तर मुळीच दिसली नसावी.

"धुवर खंय आसा?" ती म्हणाली. "पेटला नाय."

आणि मी काही म्हणायच्या आत तिने बाजूची फुंकणी उचलली, शेगडीला लावली, आणि तीस वर्षं ज्या जोराने फुंकत आली त्याच जोराने फुंकलं. ज्योत विझली.

सगळे इतके हसले की कौलांवरची खार पळाली. आक्काही हसली. हसता हसता खोकला आला, आणि तो इतका वेळ चालला की एकेकजण हसायचा थांबला. मग मी शेगडी पुन्हा पेटवली आणि आक्काने सगळ्यांना चहा केला. पहिला कप तिने मला दिला.

"कसो आसा?" तिने विचारलं.

"उत्तम."

"धुवराचो वास नाय तेका," ती म्हणाली. मग जरा वेळाने, भिंतीकडे बघत, हळूच विचारलं, "बुराक बुजवलंस?"

"हो. पक्कं. हवाबंद."

"बरा केलंस," आक्का म्हणाली.

तो गॅस पंधरा दिवस बरा चालला. मग मे महिना आला. पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याबरोबर भाजायला आणि खताला प्रत्येकाला आपापलं शेण हवं होतं, आणि त्यात कोणाची चूक नव्हती. काशीबाईने टोपली आणायची बंद केली. गुरवाने केली. भाई म्हणाले, त्यांच्या म्हशीला पोटाचा विकार आहे. एका गाईच्या शेणावर दिवसाला दोन कप चहापुरता गॅस मिळायचा, आणि पाऊस सुरू झाल्यावर तोही एकच कप. तो कप आक्का मला द्यायची. बाकी सगळा स्वयंपाक, मास्तरांची जेवणं, पेज, पाणी तापवणं, पुन्हा चुलीवर. ओली लाकडं, बंद दार, आणि भिंतीत आता वाऱ्याला यायला जागा नव्हती. चुलीसमोरून उठून ती सवयीने त्या भिंतीशी जायची, नळीला हात लावून उभी राहायची आणि परत येऊन बसायची. मी हे बघत होतो. मी टाकीचा दाब वाढवायच्या विचारात होतो.

श्रावणात ती गेली. दोन दिवस ताप होता. शेवटच्या सकाळी तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, साहेब पुन्हा कधी येणार, बांगडे सांगून ठेवायला हवेत. मी म्हटलं, "येवचे नाय आता. तू गप पड." किती महिन्यांनी मी तिच्याशी घरच्या भाषेत बोललो ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. ती हसली. माझा हात धरून ठेवला होता, तो मी सोडवून घेईपर्यंत तिने सोडला नाही.

मालवणचे डॉक्टर नंतर म्हणाले, छाती जुनीच खराब होती, स्वतःला दोष देऊ नका. सभ्य गृहस्थ आहेत. खिडकीचं काय केलं हे त्यांनी विचारलं नाही. पण मला माहीत आहे. अठरा महिने मी तिला धुरातून बाहेर काढत होतो, आणि त्यासाठी जेवढी माणसं आमच्या दारात आली त्या सगळ्यांसाठी तिने चूल पेटवली. एवढी वर्षं तिने माझ्यासाठी आणि तीन मास्तरांसाठी धूर गिळला. माझ्या इंजिनियरिंगसाठी तिने अख्ख्या गावाचा गिळला. आणि वाऱ्याचं जे एक भोक तिला चुकून मिळालं होतं, तेही मी माझ्या हाताने बुजवलं.

बाराव्याच्या दिवशी काशीबाई आमच्या चुलीवर स्वयंपाक करायला आली होती. मी परसात टाकीशेजारी उभा होतो. धोंडू आला. हातात पहार आणि छिन्नी. मला काही विचारलं नाही. भिंतीतली नळी त्याने उपटून बाजूला ठेवली, चिऱ्याच्या कडेने छिन्नी चालवली, पहार घातली आणि चिरा बाहेर ओढला. मग त्याच्या शेजारचा एक. वीस मिनिटं लागली असतील. आतला धूर त्या चौकोनातून भसाभस बाहेर आला, माझ्या अंगावरून फणसाकडे गेला, आणि त्याच्या पलीकडे बावीवर दोघी बायका पाणी काढत होत्या तिकडे पसरला. त्या बावीला वाडीत अजून ‘गॅसाची बाव’ म्हणतात. मे महिन्यातही ती आटत नाही.

नव्या खिडकीतून काशीबाईचं तोंड दिसलं. डोळे पुसत होती. "धोंडू, थांब," ती म्हणाली. "चाय ठेवतंय."

अठरा महिन्यांत धोंडूने आमच्या घरी चहाला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याने दोन्ही चिरे उचलून नीट भिंतीकडेला लावून ठेवले, पहार खांद्यावर घेतली.

"माका नको," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता खाली मान घालून निघून गेला.